बाजूच्या टाकीतले तीस दिवस

मोहोपाड्यात मासे खाणारी माणसं घरोघर होती. समुद्राचे मासे काचेच्या टाकीत पाळणारी मात्र दोनच. एक आबाजी पिंगळे, कंपनीच्या प्रयोगशाळेत सहायक. दुसरा चांगो भोईर, त्याच कंपनीत प्लँटवर ऑपरेटर.

चांगो तिथलाच. कंपनी आली तेव्हा भोईरांची खाचरं तिच्यात गेली आणि चांगोला नोकरी लागली. घर तेवढं राहिलं, कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. घरात तो, बायको मैना आणि म्हातारी आई सोनुबाई. आबाजी खालापूरकडचा, चांगोपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, स्टाफ कॉलनीत राहणारा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी चांगोच्या हातावर ॲसिड उडालं होतं. बाकीचे नुसते बघत उभे राहिले. आबाजीने त्याला खेचत नळाखाली नेलं, अर्धा तास हात पाण्याखाली धरून ठेवला आणि मग सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. हात वाचला. तेव्हापासून चांगो त्याच्या घरी जायला लागला आणि तिथेच त्याने ती टाकी पहिल्यांदा पाहिली.

त्या दिवशी तो तासभर टाकीपुढे उभा होता. आबाजीची बायको चंद्राबाई दोनदा चहा गरम करून घेऊन आली.

पुढे आबाजीने त्याला सगळं शिकवलं. पाण्याचा खारेपणा तरंगत्या काचकांडीवर कसा बघायचा, हवेचा पंप बंद पडला तर काय करायचं, माशांच्या खाण्याची करंदी किती बारीक चिरायची. समुद्राचं पाणी आणायची सोय चांगोने केली. मैनेचा भाऊ गजा उरणजवळ करंज्याला राहायचा आणि टेंपो चालवायचा. तो होडीतून आत जाऊन, भरतीचं स्वच्छ पाणी कॅनमध्ये भरून आणायचा. पैसे घ्यायचा नाही. बहिणीकडे जेवायचा आणि आपल्या पाण्यावर जगणारे मासे बघत ओटीवर बसायचा.

चांगोच्या टाकीत सहा मासे होते. त्यातलं पांढऱ्या पट्ट्यांचं नारिंगी जोडपं पाच वर्षं जुनं. आणखी एकाच्या अंगावर काळे पट्टे आणि पाठीवर लांब पांढरा पंख होता, त्याला मैना पताका म्हणायची. मैना टाकीजवळ गेली की पताका काचेशी यायचा. चांगो गेला तर यायचा नाही. याचं चांगोला थोडं वाईट वाटायचं आणि मैनेला फार बरं वाटायचं.

नवा मासा आणला की तो सरळ मोठ्या टाकीत सोडायचा नाही, हा आबाजीचा पहिला नियम होता. एकदा त्याच्या स्वतःच्या टाकीतले नऊ मासे एका नव्या माशापायी गेले होते. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले आणि आठवड्यात टाकी रिकामी झाली. तेव्हापासून तो नवे मासे तीस दिवस वेगळे ठेवायचा. त्याला तो क्वारंटाइन म्हणायचा. सोनुबाईला तो शब्द काही जमला नाही. ती 'बाजूची टाकी' म्हणायला लागली आणि मग सगळेच तसं म्हणायला लागले.

ही टाकी चांगोच्या मागच्या पडवीत होती, कारण कॉलनीतल्या दोन खोल्यांत दुसरी टाकी मावत नव्हती. दोघांचे नवे मासे तिथे एकत्र राहायचे. त्याचेही नियम आबाजीनेच घातले होते. सगळे मासे एकाच दिवशी आत जाणार आणि एकाच दिवशी बाहेर निघणार. मधे कुणी एक जरी नवा मासा टाकला, तर सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. एकाच्या अंगावर जरी ठिपका दिसला, तर सगळ्यांना निळ्या मोरचुदाचं औषध द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

"एकत्र ठेवलेत म्हणजे सगळे एकच मासा समजायचे," आबाजी म्हणायचा. "एक आजारी तर सगळे आजारी."

चांगोला हे पटलं होतं. इतकं पटलं होतं, की नियम कुणाचा आहे हेही तो विसरून गेला होता.

१९८२ सालच्या जानेवारीत दोघं मुंबईला गेले आणि क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या एका दुकानातून सात मासे घेऊन आले. तीन चांगोचे: एक पिवळाधमक चपटा आणि दोन बोटाएवढे निळे. चार आबाजीचे. सातही त्याच संध्याकाळी बाजूच्या टाकीत सोडले आणि चांगोने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिली फुली मारली.

अठराव्या दिवशी चांगो आणि मैनेला कशेळ्याला जावं लागलं. चांगोच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. हळद, लग्न, पाठवणी धरून तीन दिवस. सोनुबाईचे गुडघे दुखत होते म्हणून ती घरीच राहिली. मासे बघायला आबाजी होताच.

"तू निवांत जा," तो म्हणाला. "मी दोन्ही वेळा येऊन जाईन."

चांगो निवांत गेला. लग्नात कुणी माशांची चौकशी केली तर म्हणायचा, "आबाजी हाय ना तिथं."

परत आला तेव्हा टाकीत सातही मासे होते. पाणी स्वच्छ होतं. कॅलेंडरवर तीन फुल्या आबाजीने स्वतः मारल्या होत्या.

त्याच सुमारास कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये मोठी टाकी बसत होती. मॅनेजरसाहेबांनी कुठल्याशा हॉटेलात तशी पाहिली होती आणि तिची सगळी जबाबदारी आबाजीवर आली होती. "टाकी साहेबांच्या मनासारखी झाली, तर यंदा यांना सुपरवायझर करतील," असं चंद्राबाई मैनेला बोलली होती. चांगोला आनंद झाला. आबाजीचं बढतीचं प्रकरण दोन वर्षं अडलेलं होतं, हे त्याला ठाऊक होतं.

सव्विसाव्या दिवशी सकाळी करंदी टाकताना चांगोला आपल्या पिवळ्या माशाच्या पंखावर एक पांढरा ठिपका दिसला. एकच, मोहरीपेक्षाही लहान. तो टाकीशी उकिडवा बसला आणि मासा वळेल तसा वळून वळून बघत राहिला. मग शिफ्ट सुटल्यावर आबाजीला घेऊनच घरी आला.

आबाजीने चष्मा पुसला. वाकून बराच वेळ बघितलं.

"खरचटलंय," तो म्हणाला. "दगडाला घासला असेल. खपली आहे ती."

"ठिपका नाय ना तो?"

"ठिपका असता तर एकच असता का? आणि बाकीचे बघ, कसे फिरतायत."

"मंग मोरचूद नको?"

"उगाच कशाला त्यांना विष पाजतोस? चार दिवस राहिलेत."

चांगोला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती खपली दिसेनाशीही झाली. ठिपका माशाच्या अंगावरून गळून टाकीच्या तळाशी जातो, तिथे वाढतो आणि मग पुन्हा माशांना चिकटतो, हे आबाजीनेच त्याला कधीकाळी सांगितलं होतं. पण आबाजी खपली म्हणाला होता, म्हणून चांगोच्या मनात ते आलं नाही.

तिसाव्या दिवशी त्याने आपले तीन मासे ओटीवरच्या मोठ्या टाकीत सोडले. आबाजी तिथेच उभा होता.

"तुझे चार आजच नेतोस ना?" चांगोने विचारलं.

"माझे आठवडाभर राहू देत. टाकीच्या चौकटीचा एक लोखंडी अँगल गंजलाय, पुट्टी भरून घेतो. मग नेतो."

"राहू दे की. मला काय त्रास हाय?"

पुढचे चार दिवस घरात मजेचे गेले. पिवळा मासा पताकाच्या मागे मागे फिरायचा. मैना दोघांना करंदी टाकायची आणि पताका पहिला आला की हसायची. आबाजी रोज येऊन पडवीतल्या आपल्या माशांना खाणं घालून जायचा.

पाचव्या दिवशी निळ्यांपैकी एक मासा दगडाला अंग घासताना दिसला. सहाव्या दिवशी सकाळी पताकाच्या काळ्या पट्ट्यावर पांढरे ठिपके होते. त्या काळ्यावर ते लांबूनही दिसत होते. चांगोने मोजायला सुरुवात केली आणि अकरावर थांबला.

तो तसाच अनवाणी कॉलनीत गेला. आबाजी लगेच आला. त्याने प्रयोगशाळेतून मोरचूद तोलून आणला, पाण्यात विरघळवला, थेंब मोजून टाकीत घातला. तीन तास तो चांगोबरोबर टाकीपुढे बसून होता. पण उशीर झाला होता. मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडत होते. पहिल्या दिवशी दोन गेले, दुसऱ्या दिवशी तीन. जोडप्यातला नर गेला तरी मादी एक दिवस त्याच्या जागेवर पंख हलवत थांबली होती. पताका चौथ्या दिवशी गेला. शेवटच्या सकाळीही तो मैनेला बघून काचेशी आला, पण आडवा होऊन आला. मैनेने पदर तोंडाशी धरला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

"काय चुकलं असल रं?" चांगो म्हणाला. "तीस दिवस पुरे केले आपण."

आबाजीने काचेवरचं पाणी पुसलं. मग म्हणाला, "पाणी कधी बदललं होतंस?"

"मासे सोडायच्या आदल्या दिवशी. गजाने आणलेलं."

"कुठून भरलं त्याने? बंदरातूनच भरलं असेल कंटाळा करून. तिथे काय काय असतं पाण्यात."

चांगोने ते मनात धरलं. त्याच आठवड्यात गजा नेहमीसारखा टेंपो घेऊन आला. जवळजवळ रिकामी टाकी बघून तो दारातच थांबला. चांगोने त्याला बसही म्हटलं नाही.

"पाणी कुठनं भरलंस रं?"

"नेमीच्या ठिकाणाहून. होडी घेऊन आत गेलेलो."

"खरं बोल."

"खोटं कशाला बोलू, दाजी?"

"तुझ्या पाण्यानं माझी इतक्या वर्षांची टाकी मेली. तुला जायचा कंटाळा आला होता तर नाय म्हणायचं. बंदरातली घाण कशाला आणलीस?"

गजाने एकदा बहिणीकडे बघितलं. मैना काही बोलली नाही, कारण तिला काय खरं ते माहीत नव्हतं. गजाने भरून आणलेले चार कॅन ओटीखाली ठेवले, रिकामे घेतले नाहीत आणि न जेवता निघून गेला. मैना त्या दिवशी चांगोशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

शेवटचा राहिलेला मासा, नव्या निळ्यांपैकी एक, तिसऱ्या दिवशी मेला. चांगोने त्याला परसात शेवग्याखाली पुरायला नेलं. बाकीचेही तिथेच पुरले होते. सोनुबाई पडवीच्या पायरीवर बसून बघत होती.

"समदे गेले?" तिने विचारलं.

"समदे गेले, आये. आबाजीचे चार तेवढे हायत पडवीत."

"आन तो चकलीवाला?"

"कोणचा चकलीवाला?"

"निळा काळा. अंगावर पांढऱ्या रेघा, गोल गोल, चकलीवानी. तो कवाधरनं दिसत नाय."

चांगो फावडं धरून तसाच उभा राहिला. "असला मासा आपल्यात नव्हता, आये."

"नव्हता कसा? तुमी कशेळ्याला गेलेलात तवा आबाजीनं आणलेला. पिशवीतनं आणून या टाकीत सोडलान. मी इथंच बसलेली. म्हणला, साहेबांचा हाय, लय महागाचा हाय. दोन दिस होता. मंग तुमी यायच्या सकाळी जाळीनं काढून घेऊन गेला. मला वाटलं तुला ठाव हाय."

चांगो पडवीत आला. बाजूच्या टाकीत आबाजीचे चार मासे आरामात फिरत होते. एकाच्याही अंगावर काही नव्हतं. त्याने वाकून पाणी बघितलं. पांढऱ्या बादलीत थोडं काढून उजेडात धरलं. पाण्यावर अगदी फिकी निळसर झाक होती.

"मैना," त्याने हाक मारली. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

ती आली.

"आबाजी खाणं घालायला यायचा, तवा टाकीत काय ओतायचा का?"

"ओतायचा. बारकी बाटली होती खिशात. मी इचारलं तर म्हणले, ताकदीचं औषध हाय."

"कदीपासनं?"

मैनेने आठवून बघितलं. "आपण आपले तीन काढले ना, त्याच्या दुसऱ्याच दिवसापासनं."

चांगो पायरीवर बसला. त्याने मनात सगळे दिवस पुन्हा एकदा लावून बघितले. अठरावा, विसावा, सव्विसावा, तिसावा. कुठेही बसत नव्हतं असं काही उरलं नाही. गंजलेला अँगलही त्यात बसला. तो अँगल चांगोने नंतर आबाजीच्या घरी दोनदा पाहिला होता. त्यावर पुट्टीचा हातही लागलेला नव्हता आणि गंजही नव्हता.

"गजाला काय बोललात तुमी," मैना हळू आवाजात म्हणाली.

"बोललो," चांगो म्हणाला. "मीच बोललो."

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो कॉलनीत गेला. त्याआधी वाटेत गेस्ट हाउसपाशी थांबला. तिथला माळी ओळखीचा होता, त्याने काचेतून आत बघू दिलं. मोठ्या टाकीत एकच मासा होता. गर्द निळा, अंगावर पांढरी गोल वेढ्यावेढ्यांची रेघ. चांगल्या तब्येतीत होता. आईने चकली म्हटलं ते अगदी बरोबर होतं.

आबाजी खाटेवर पेपर वाचत पडला होता. चांगोला बघून उठला. चंद्राबाईने पाणी आणून ठेवलं आणि ती आत गेली.

"साहेबांचा मासा बघून आलो," चांगो म्हणाला.

आबाजीने पेपरची घडी घातली.

"बाजूच्या टाकीत दोन दिवस होता तो. आये सांगते."

"म्हातारीला काय दिसतं—"

"तिला रेघा मोजता येतात, आबाजी. तू बोल."

आबाजी खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर कुणीतरी सायकलचं चाक फिरवून तेल घालत होतं.

"दुकानदाराने अचानक पाठवला," तो अखेर म्हणाला. "गेस्ट हाउसची टाकी अजून भरली नव्हती. माझ्या टाकीत सोडायची हिंमत नव्हती. दोनच दिवस, चांगो. मला वाटलं, दोन दिवसांत काय होतंय."

"त्याच्या अंगावर ठिपके होते?"

"दुसऱ्या दिवशी दिसले. म्हणून तर लगेच काढला. वेगळ्या बादलीत मोरचूद देऊन जगवला."

"त्याला जगवलास. आन मला नाय सांगितलंस."

"सांगणार होतो."

"सव्विसाव्या दिवशी मी तुला ठिपका दाखवला. तू खपली म्हणालास. तेव्हा ठाव होतं तुला?"

आबाजीने पेपरची घडी आणखी लहान केली.

"ठाव होतं का नाय, एवढंच सांग."

"होतं." त्याचा आवाज अगदी खाली आला. "चांगो, तुला सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. प्लँटवर बोललं गेलं असतं. साहेबांना कळलं असतं, की आजारी मासा आणून ठेवलाय. माझी बढती पुन्हा वर्षभर अडली असती. मला वाटलं, निभावेल. कधीकधी निभावतं."

"तुझे चार का नाय नेलेस मंग? निभावेल वाटलं तर न्यायचे होतेस."

आबाजीने पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला.

"आधी माझे मरतात का ते बघितलंस," चांगो म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. "माझ्या पडवीत येऊन, माझ्या बायकोच्या देखत, तुझ्या माशांना औषध घालत होतास. आन पलीकडं ओटीवर माझे मरत होते. तिथं येऊन तीन तास माझ्याशेजारी बसलास."

"मी मोरचूद आणला ना रे. प्रयत्न केला ना."

"गजाचं नाव का घेतलंस?"

आबाजी म्हणाला, "सुचलं ते बोलून गेलो."

चांगो उठला. दारात चंद्राबाई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की यातलं तिला काहीच माहीत नव्हतं.

"तुझे मासे घेऊन जा," चांगो जाताना म्हणाला. "उद्याच्या उद्या."

आबाजी दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही. चांगोच्या घरी यायची त्याला लाज वाटत असेल. आणि दुसरं कारणही चांगोला कळत होतं. औषधाचे दिवस पुरे झाले नव्हते आणि आपल्या टाकीत ते मासे सोडायची आबाजीला भीती वाटत होती.

"फेकून द्या ना ते," मैना म्हणाली. "नायतर मांजराला घाला."

चांगोने जाळी हातात घेतलीही होती. टाकीपुढे उभा राहून त्याने त्या चौघांकडे बघितलं. खाणं मिळेल म्हणून ते वर आले होते. त्याने जाळी परत खिळ्याला अडकवली आणि करंदी चिरायला बसला. का ते त्याला सांगता आलं नसतं. आबाजीसाठी नव्हतं, एवढं नक्की.

पुढच्या रविवारी तो मैनेला घेऊन करंज्याला गेला. गजा अंगणात टेंपोखाली आडवा होऊन काहीतरी खोलत होता. चांगो जमिनीवरच त्याच्या पायाशी बसला.

"तुझ्या पाण्यात काय नव्हतं," तो म्हणाला. "मासा आबाजीनं आजारी आणलेला. मी तुला नाय नाय ते बोललो."

गजा टेंपोखालून बाहेर आला नाही. "तुमी मला एकदा तरी इचारायचं, दाजी," आतूनच म्हणाला. "तुमी इचारलंच नाय. तुमी आधीच ठरवून आलेलात."

"व्हय."

"आबाजी बोलला म्हणून?"

"व्हय."

"अकरा वर्षं मी पाणी आणतोय."

गजाने आतून पाना मागितला तेव्हा चांगोने तो आत सरकवला. मग दुसरा मागितला, तोही दिला. असा तासभर तो पाने देत बसून राहिला. दुपारी गजाच्या बायकोने सगळ्यांची पानं वाढली. गजा चांगोशेजारी बसून जेवला, पण त्याच्याशी बोलला नाही. बहिणीशी बोलला. निघताना मैनेला म्हणाला, "पाणी पायजेल असल तर सांग." चांगोकडे तो काही वळला नाही.

पडवीतल्या चार माशांना चांगोने औषधाचे उरलेले दिवस पुरे दिले. मग सगळं पाणी बदललं आणि कॅलेंडरवर नव्याने फुल्या मारायला सुरुवात केली. पाणी अर्थात गजाचंच होतं, त्या दिवशी ओटीखाली ठेवून गेलेल्या चार कॅनमधलं. रोज सकाळी कामाला जायच्या आधी तो चारही मासे निरखून बघायचा. डोळे, पंख, कल्ले, शेपूट. दुपारच्या उन्हात पुन्हा बघायचा. मैना आधी रागावली, मग एक दिवस तीही शेजारी बसून बघायला लागली. त्या चौघांपैकी एकालाही तिने नाव ठेवलं नाही.

तीस फुल्या झाल्यावर त्याने मासे झाकणाच्या दोन बादल्यांत घातले आणि चालत कॉलनीत गेला. मार्च संपत आला होता, ऊन कडक होतं. बादल्यांवर त्याने ओलं गोणपाट टाकलं होतं.

चंद्राबाईने दार उघडलं. तिच्यामागून आबाजी आला. बादल्या बघून तो जागच्या जागी थांबला.

"चारी हायत," चांगो म्हणाला. "औषध पुरं झालं, वर तीस दिवस साध्या पाण्यात काढले. एक बी ठिपका नाय. मी सोताच्या डोळ्यांनी बघितलंय. सोडायला हरकत नाय."

"चांगो," आबाजी म्हणाला. "आत तरी ये. चहा घे."

"बादल्या रिकाम्या करून दे. मला शिफ्टला जायचंय."

"यातले दोन तू ने. तुला पाहिजेत ते ने. माझ्याकडून."

"नको."

आबाजीने बादल्या आत नेल्या. चांगो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आतून पाण्याचा आवाज येत होता. चंद्राबाई दाराशीच थांबली होती. तिने एकदा आत बघितलं आणि मग चांगोला म्हणाली, "भावजी, मैनेला सांगा, मला येऊ दे तिच्याकडे. माझ्यावर राग धरू नका."

"तुमी कवाबी या, वयनी," चांगो म्हणाला. "तुमच्यावर काय हाय?"

रिकाम्या बादल्या घेऊन तो निघाला. आबाजी फाटकापर्यंत मागे आला आणि तिथून परत फिरला.

जूनमध्ये आबाजी सुपरवायझर झाला. गेस्ट हाउसची टाकी साहेबांना फार आवडली होती. चांगोच्या ओटीवरची मोठी टाकी वर्षभर कोरडी होती. मग सोनुबाईच्या सांगण्यावरून मैनेने तिच्यात धान्याचे डबे ठेवले. पुढच्या लग्नसराईत मात्र ती एक दिवस डबे काढून काच पुसताना दिसली. तेव्हा चांगो नुसती एक बाजू धरून तिला टाकी हलवू लागला.

कामावर दोघांना बोलावंच लागायचं. दर दोन तासांनी प्लँटवरून नमुना प्रयोगशाळेत जायचा आणि आबाजी फोनवरून त्याचा आकडा सांगायचा. तो आकडा चांगोने प्लँटच्या वहीत लिहायचा. अकरा वर्षं तो ऐकल्या ऐकल्या लिहीत आला होता. आता तो फोन ठेवायचा, हात पुसायचा आणि आवार ओलांडून प्रयोगशाळेत जायचा.

"कागद दाखव," तो म्हणायचा.

आबाजी कागद पुढे करायचा. चांगो तो वाचायचा, आकडा दोनदा बघायचा आणि मग परत जाऊन वहीत लिहायचा.